जंगल तोडायला देण्याआधी : कोकणातल्या सर्व हिस्सेदारांना खुलं पत्र

गावातल्या काका-काकूंना, दादा-वहिनींना आणि मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव असलेल्या सर्व हिस्सेदारांना सप्रेम नमस्कार.

आता गणपतीला घरं उघडतील. आरती-भजन उरकलं की पडवीत जमिनीचा विषय निघतो, दरवर्षी निघतो. वरच्या डोंगराचं काय करायचं? अमका व्यापारी येऊन बघून गेलाय, उक्ते एवढे देतो म्हणतोय. सगळे हिस्सेदार एका छपराखाली येतात ते याच दिवसांत, त्यामुळे संमतीपत्रावर सह्या होतात त्याही याच दिवसांत. पुढे दसरा-दिवाळी झाली, वाटा वाळल्या की जेसीबी रस्ता काढत वर चढतो आणि त्याच्यामागून कटर, म्हणजे यांत्रिक करवत. तेव्हा कोणी काही सांगून उपयोग नसतो, कारण इसार घेतलेला असतो. म्हणून आत्ता लिहिते आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातलीच. खासगी जंगलातली लाकूडतोड आणि त्या जंगलावर जगणारे पक्षी-प्राणी हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. चिपळूण, संगमेश्वर, लांजा या तालुक्यांत तुमच्यापैकी अनेकांच्या जमिनीत मी टेप आणि वही घेऊन फिरले आहे. तुम्ही हद्दी दाखवल्यात, तिकडे जाऊ नको, जनावर आहे म्हणून हाका मारल्यात, दुपारी पानावर बसवलंत. कुठलं झाड कधी फळतं, कुठल्या ढोलीत कोण राहतं हे बरंचसं मला तुमच्याच घरातल्या माणसांनी शिकवलं.

मागणं आधीच सांगून टाकते. जंगल विकायचं असेल तर विका. तो तुमचा हक्क आहे आणि त्यामागची गरज मी जवळून पाहिली आहे. पण सौदा करताना ढोली असलेली जुनी झाडं आणि वड, पिंपळ, उंबर, पायर ही झाडं वगळा. वगळली आहेत असं कागदावर लिहून घ्या. आणि तोड जानेवारीच्या आत आटपायला सांगा.

हे वनखात्याला न लिहिता तुम्हाला का लिहिते, असं कुणी विचारेल. विदर्भात जंगल म्हटलं की बहुतेक सरकारी जंगल. आपल्याकडचा मामला वेगळा आहे. १९७५ च्या खासगी वने संपादन अधिनियमाने राज्यातल्या कितीतरी जमिनी सरकारकडे गेल्या, तरी रत्नागिरी जिल्ह्यात आज जे रान उभं दिसतं ते बहुतांश खासगी मालकीचं आहे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घाटमाथ्यावर. तिल्लारीचं संवर्धन राखीव क्षेत्र २०२० साली जाहीर झालं, ते पार दोडामार्गात. या दोहोंच्या मधे, घाटाच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत, जे काही हिरवं आहे ते बहुतेक कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांच्या नावावर आहे. धनेश पक्ष्याने यंदा घरटं कुठे करायचं याचा निकाल मंत्रालयात लागत नाही, तुमच्या पडवीत लागतो.

माणसं जंगल का विकतात हे मला आता विचारावं लागत नाही. भातशेती परवडेना, माणूसबळ नाही, मळ्या ओसाड पडल्या. घराचं छप्पर बदलायचं असतं, मुलीचं लग्न असतं, कुणाचं मोठं ऑपरेशन निघतं. वाटण्या झालेल्या नसतात, त्यामुळे जमीन विकता येत नाही. उभं जंगल मात्र संमतीने विकता येतं. मुंबईतल्या चुलत्यांचा हिस्सा देऊन हातात उरतं ते थोडकंच. त्या पैशाला मी नावं ठेवणार नाही. फक्त तो पैसा कुठल्या झाडांचा येतो आणि कुठल्या झाडांचा जवळजवळ येतच नाही, हे नीट बघू या.

आपल्याकडे जंगल पूर्वीपासून तुटतच होतं. राब भाजायला कवळ तोडलं जायचं, घराला वासे, कुंपणाला मेढी, चुलीला लाकूड, सगळं याच डोंगरातून यायचं. चिपळूण-सावर्ड्याच्या कात भट्ट्यांना खैर लागायचा, आजही लागतो. पण कुऱ्हाडीने तोडणारा माणूस झाड निवडून तोडायचा. दोघातिघांच्या कवेत न मावणारा बेहडा पाडायला किती दिवस घालवायचे, आणि तो आतून पोकळ निघाला तर करायचं काय? असं झाड आपसूक उभं राहायचं. त्याला कुणी राखलं नव्हतं, ते कामाचं नव्हतं म्हणून वाचलं.

यांत्रिक करवतीने हे गणित पालटलं. जे झाड पाडायला पूर्वी दिवस जायचे ते आता चहा उकळेपर्यंत आडवं होतं. आणि त्याहून मोठा फरक पडला तो गिऱ्हाइकामुळे. लाकूड आता फळ्यांसाठी जेवढं जातं त्याहून जास्त जळणासाठी जातं. कारखान्यांचे बॉयलर, विटांच्या भट्ट्या, कोळसा. जळण टनावर विकलं जातं, आणि वजनकाट्याला झाड सरळ की वाकडं, भरीव की पोकळ याच्याशी कर्तव्य नसतं. म्हणून उक्त्या सौद्यात आता काहीच मागे राहत नाही. किंजळ, ऐन, जांभूळ जातात, त्यांच्याबरोबर वखारीत ज्याला कुणी विचारणार नाही अशी सातवीण जाते, बेहडा जातो, उंबर जातो, वेलींनी गुरफटलेलं म्हातारं आंब्याचं खोड जातं. मी ज्या जागा पाहिल्या तिथे खरं नुकसान या शेवटच्या गटातल्या झाडांच्या जाण्याने झालं आहे.

ढोली कशी होते ते थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं त्यावर आहे. मोठी फांदी वादळात मोडते. मोडलेल्या जागी पाणी मुरतं, बुरशी शिरते, खोडाचा गाभा हळूहळू कुजत जातो. झाड मरत नाही. बाहेरची जिवंत साल आणि लाकूड आपलं काम चालू ठेवतात. मग सुतार, तांबट येऊन कोरतात. आत भोकाची खोली होते, वाळव्या आणि मुंग्या ती वाढवतात. तांबटाला पुरेल एवढी ढोली लवकर होते. धनेशासारखा पक्षी आत बसेल एवढी व्हायला झाडाचा घेरच तेवढा लागतो, आणि तो घेर यायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

धनेशाला स्वतःची ढोली कोरता येत नाही. आपल्याकडे ज्याला ककणेर म्हणतात तो मलबारी कवड्या धनेश आणि काही गावांत ज्याला गरुड म्हणतात तो मोठा धनेश, दोघांनाही आयती आणि ऐसपैस ढोली लागते. जानेवारी-फेब्रुवारीत जोडी ढोली पक्की करते. मादी आत शिरते आणि विष्ठा, चिखल, फळांचा चोथा लिंपून तोंड बंद करून घेते. चोच बाहेर येईल एवढी उभी चीर तेवढी राहते. आत ती पिसं गाळते, म्हणजे काही काळ तिला उडताही येत नाही. अंडी, पिल्लं आणि ती स्वतः, सगळ्यांचं पोट एकट्या नरावर. हे मे-जूनपर्यंत चालतं. नराला काही झालं तर आतल्या सगळ्यांची उपासमार होते. झाड पडलं तर बोलायलाच नको. मोठ्या धनेशाच्या जोडीचं वर्षाला बहुधा एकच पिल्लू वाढतं. एक मोसम गेला म्हणजे एक आख्खं वर्ष गेलं.

संगमेश्वर तालुक्यात एका पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला एक बेहडा आहे. मार्चमध्ये त्याच्यासमोर मी जाळीआड बसले होते. नर आला की आधी शेजारच्या ऐनावर बसायचा, इकडेतिकडे बघायचा, मग खोडाला येऊन चिकटायचा. गळ्यातून उंबर वर काढायचा, चोचीच्या टोकावर धरायचा आणि चिरीतून आत द्यायचा. मग दुसरं. मग तिसरं. आतली चोच पुढे येऊन ते इतक्या अलगद घ्यायची की एकही फळ खाली पडायचं नाही. त्या दिवशी पऱ्यापलीकडच्या जमिनीत मशीन सुरू झालं. नर गळा भरून आला आणि ऐनावर बसून राहिला. मशीन चालू होतं तोवर तो घरट्याकडे गेला नाही. बारा वाजता गडी जेवायला बसले, मशीन बंद पडलं, आणि थोड्याच वेळात तो खोडावर आला. जेवण झालं, मशीन पुन्हा सुरू झालं, तो पुन्हा ऐनावर. बेहड्याला अजून कुणी हातही लावला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तोड पऱ्याच्या अलीकडे यायची होती. त्या जमिनीच्या मालकीणबाई, सत्तरीच्या काकू, स्वतः वर चढून आल्या. मुकादमाला म्हणाल्या, "ह्या झाडाला हात लावायचा नाय. त्याची बाईल आत हाय. पहिली तिची पोरं उडूंदेत, मग बघू." मुकादमाने सौदा उक्ता झाल्याचं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग ह्याचे पैसे कापून घे." मुकादमाने हिशेब केला आणि कापायचे ते एवढे थोडे निघाले की त्याने ते सोडूनच दिले. आतलं लाकूड पोकळ, उतार अवघड, खाली ओढायला खर्च जास्त. बेहडा आजही उभा आहे. पुढच्या मोसमात जोडी त्याच ढोलीत आली. धनेश एकदा ढोली धरली की वर्षानुवर्षं तीच वापरतात.

त्याच हंगामात दुसऱ्या एका गावी मी उशिरा पोचले. सातवीण पाडून तुकडे करून झाले होते. रस्त्याच्या कडेला रचलेल्या ओंडक्यांत एकाच्या पोकळीला आतून गिलावा होता आणि त्या गिलाव्यात काजऱ्याच्या बिया रुतलेल्या होत्या. गडी माणसांना आत पक्षी होता हे झाड पडेपर्यंत कळलं नव्हतं. त्यांना दोष देऊन काय होणार? त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ज्यांची जमीन होती ते बोरिवलीला होते.

आता माझ्या अभ्यासाविषयी. मी तुलना करते. एका बाजूला देवरहाट्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, आणि ज्यात फार पूर्वीपासून कटर शिरलेला नाही असं रान. दुसऱ्या बाजूला एकदा तुटून फुटवा आलेलं रान, पुन्हा पुन्हा तुटलेलं रान, आणि जिथे तोडीनंतर काजू किंवा हापूस लावला अशा जागा. ठरावीक वाटेने पहाटे हळू चालायचं, दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी-प्राणी अंतरासकट लिहायचा. मग त्याच वाटेवर झाडांचे घेर मोजायचे, ढोल्या शोधायच्या, फळणारी झाडं टिपायची.

तोडलेलं रान पुन्हा येतं, हे तुम्ही मला नेहमी सांगता आणि ते खरं आहे. किंजळ, ऐन खुंटावरून असे फुटतात की पाच-सहा पावसाळ्यांत चालायला वाट राहत नाही. बुलबुल परत येतात, कोतवाल येतात, सातभाई येतात, भेकर येतं. लांबून बघणाऱ्याला डोंगर पहिल्यासारखाच वाटतो. उपग्रहालाही तसाच वाटतो: भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत १ हेक्टर किंवा त्याहून मोठा, झाडांचं छत्र १० टक्के किंवा जास्त असलेला कुठलाही तुकडा वनाच्छादन म्हणून धरला जातो, जमीन कुणाची आणि झाड कुठलं हे न पाहता. काजूची बाग त्यात येते, आमराई येते. त्यामुळे कागदावर कोकण हिरवंगार आहे आणि राहील.

पण त्या फुटव्याच्या रानात मान वर करून ढोल्या शोधा. सापडत नाहीत. सगळी खोडं एका वयाची, मनगटापासून मांडीएवढी. ती जाड व्हायच्या आत पुढचा सौदा होतो आणि पुन्हा खुंट उरतात. असं दोन-तीनदा झालं की त्या डोंगरावर जुनं झाड म्हणून काही राहतच नाही. माझ्या वहीत अशा रानांपुढे धनेशाची नोंद असते ती बहुधा "वरून गेला" एवढीच. पंखांचा तो मोठा आवाज येतो, जोडी डोक्यावरून जाते आणि समोरच्या देवरहाटीत उतरते. उडणारी खार मला तुटलेल्या रानात क्वचितच दिसली. घुबडं विरळ. शेकरू घरटं फांद्यांवर बांधतं, त्याला ढोली नसली तरी चालते, पण फांदीवरून फांदीवर जायला सलग छत्र लागतं आणि साफ तोडीत नेमकं तेच तुटतं.

ढोली फक्त धनेशासाठी नसते, हेही सांगायला हवं. पोपट, मैना, पिंगळा, उदमांजर, घोरपड, वटवाघळं सगळे तिचे भाडेकरू. आणि सातेरी माशी. तुमच्या काजूच्या मोहोरावर, नारळाच्या पोयीवर, मागच्या परड्यातल्या भोपळ्या-पडवळावर जी सातेरी येते, तिची पोळी रानात बहुधा झाडाच्या ढोलीत असतात. बाग लावण्यासाठी डोंगर साफ करणाऱ्यांनी निदान हे लक्षात घ्यावं.

सगळी तोड सारखीच वाईट, असं शास्त्र म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. २०११ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधातले १३८ अभ्यास एकत्र करून पाहिलेले. जुन्या, न तुटलेल्या जंगलाची बरोबरी कशालाच नाही, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. पण माणसाने जंगलात केलेल्या उलथापालथींपैकी निवडक तोडीचा फटका सगळ्यांत कमी निघाला. त्याच वर्षी मलेशियातल्या, बोर्निओ बेटावरच्या साबा प्रांतातला अभ्यास आला: दोनदा तोड झालेल्या जंगलातही मूळ जंगलातल्या पक्ष्यांच्या आणि शेणकिड्यांच्या ७५ टक्क्यांहून जास्त जाती टिकून होत्या. तिथे ठरावीक मोठी झाडं काढून बाकीचं रान उभं ठेवतात. आपल्याकडे उभं काही ठेवत नाहीत. आपल्या देशात धनेशांवर हे काम आधी झालं ते अरुणाचलात. अपराजिता दत्ता यांनी न तुटलेलं जंगल, निवडक तोड झालेलं जंगल आणि लावलेलं जंगल अशी तुलना करून लिहिलेला निबंध १९९८ साली 'ओरिक्स' या नियतकालिकात आला. मी माझ्या वाटा आखल्या त्या तशाच तुलनेसाठी.

म्हणजे "तोडा किंवा राखा" एवढ्या दोनच वाटा नाहीत. काय मागे ठेवलं यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. स्वीडनमध्ये, जर्मनीत तोडीच्या वेळी ढोल्यांची आणि म्हातारी झाडं खुणा करून मागे ठेवतात, आणि तिथला लाकडाचा धंदा काही बुडालेला नाही. आपल्याकडे तर ही पद्धत देवरहाटीच्या रूपाने होतीच. देवाचा कौल घेतल्याशिवाय काठी तोडायची नाही, आणि कौल मिळाला तरी लाकूड देवळाच्याच कामाला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहून अभ्यासकांचं लक्ष तिकडे वेधलं. आज धनेशाची घरटी कुठे टिकली असं मला विचाराल तर मी आधी देवरहाटीकडेच बोट दाखवेन. पण देवरहाटी असते एवढीशी. नराला दिवसभर फळं आणायला आजूबाजूचे चार डोंगर लागतात, आणि त्या डोंगरांवरचे वड-उंबर तुमच्या मालकीचे आहेत. इतर झाडांना फळ नसतं तेव्हाही एखादा तरी वड, एखादी तरी पायर फळलेली असते. उन्हाळ्यात सगळं रान त्यावर जगतं. जळण म्हणून उंबराला दर काय मिळतो ते तुम्हीच व्यापाऱ्याला विचारून बघा.

कायद्यावर विसंबू नका, कारण कायद्यात इथे मोठं भगदाड आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमात कुठल्या झाडांना परवानगी लागते त्याची अनुसूची आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ असे वृक्ष तीत आहेत. लाकडाच्या आणि फळाच्या मोलाने निवडलेले. बेहडा तीत नाही, सातवीण नाही, वड-उंबर नाहीत. म्हणजे रानातल्या जिवांना ज्यांची सर्वांत जास्त गरज, त्या झाडांची नोंदही त्या परवानगीच्या कागदावर होत नाही. दुसऱ्या बाजूला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची जी व्याख्या आहे तीत पक्ष्याची अंडी नासणं, घरटं विस्कटणं हेही येतं. बंद ढोलीत मादी असताना ते झाड पाडणं किती गंभीर आहे ते यावरून समजा. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि सही त्यांची असते, म्हणून लिहिलं. आणि वनखात्यातलं कुणी हे पत्र वाचत असेल तर एवढं करा: पाहणीला जाता तेव्हा ढोलीची झाडं आहेत का, हा एक रकाना पंचनाम्यात वाढवा.

जानेवारीची मुदत मी का घालते ते आता लक्षात आलं असेल. तोड दिवाळीनंतर सुरू होते आणि रेंगाळत मे महिन्यापर्यंत जाते. जानेवारीनंतरचे ते महिने म्हणजे नेमका धनेशाचा मोसम. व्यापाऱ्याला घाई नसते, त्याची माणसं एका वेळी तीन गावांत चालू असतात. मुदत कागदावर असेल तर तो आधी तुमचं काम संपवतो. त्यात तुमचाही फायदा आहे. उशिरा झालेल्या तोडीचा पाला-फांद्या मार्च-एप्रिलच्या उन्हात रानभर पडून वाळतात आणि वणवा लागला की तोच पेंढा होतो. शेजाऱ्याची काजूची कलमं जळाली की भांडण तुमच्या दारात येतं. हे दृश्य तुमच्यातल्या किती जणांनी पाहिलंय!

मुंबईतल्या हिस्सेदारांना थोडं वेगळं सांगायचं आहे. तुमच्या वाट्याला उक्त्या सौद्यातून जे येतं ते, सहा-सात नावांत वाटलं गेल्यावर, बहुतेकदा तुमचा महिन्याचा खर्चही भागवत नाही. अरुणाचलात पक्के अभयारण्याच्या शेजारी न्यिशी लोकांच्या गावांत २०११-१२ पासून एक योजना चालू आहे. गावबुऱ्यांची, म्हणजे गावप्रमुखांची, घोरा-आभे ही संस्था, वनखातं आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन मिळून ती चालवतात. शहरातली माणसं धनेशाचं एकेक घरटं दत्तक घेतात, त्या पैशातून गावातल्या राखणदारांना पगार मिळतो. त्यातले कित्येक पूर्वी शिकार करत असत. तिथे पैसे देणारे परके आहेत. इथे डोंगर तुमचा स्वतःचा आहे. एका बेहड्याचे कापले जाणारे पैसे गावातल्या भावाला तुम्ही देऊन टाका आणि झाड राखायला सांगा. कोकणात येणारा पर्यटक समुद्र बघून परत जातो. घरट्यावर चारा घेऊन येणारा धनेश दाखवायला त्याला कुणी नेत नाही, कारण कुणाच्या डोंगरात घरटं आहे हे मालकालाच माहीत नसतं.

झाडं ओळखायची कशी, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गुराख्याला विचारा, नाहीतर वाडीतल्या पोरांना. त्यांना माहीत असतं. झाडाखाली बघा. घरट्याच्या झाडाखाली काजऱ्याच्या, रानजायफळाच्या, इतर फळांच्या बियांचा सडा पडलेला असतो आणि पावसानंतर तिथे रोपं दाटीने उगवलेली दिसतात, ज्यांचं मूळ झाड आसपास कुठेच नसतं. गणपतीत पाऊस असतो, रान दाट असतं, तरी ही रोपं तेव्हाच नजरेत भरतात. खोडाला वर कुठे काळपट भोक असेल, त्याच्या कडा लिंपलेल्या दिसत असतील, तर शंकाच नको. आत्ता ढोली रिकामी असली तरी झाड धरा, कारण जोडी जानेवारी-फेब्रुवारीत परत येणार असते. ढोली दिसत नसेल पण झाड दोघांच्या कवेत मावत नसेल, तरी ते ठेवा. उद्याची ढोली त्यातच होणार आहे. पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडं शक्य तेवढी राखलीत तर पाण्यालाही बरं आणि शेकरालाही जायला वाट राहील.

मग चुना घेऊन खोडाला पट्टा मारा. खडकाला मारता तसा रुंद, लांबून दिसेल असा. सौद्याच्या कागदावर लिहा की चुन्याचा पट्टा असलेली इतकी झाडं विक्रीत नाहीत, त्यांची नावं अमुक, आणि त्यांच्यावर दुसरं झाड पाडायचं नाही. ही शेवटची ओळ विसरू नका. राखलेला बेहडा शेजारच्या ऐनाच्या धक्क्याने मोडलेला मी पाहिला आहे. तोड चालू असताना गावातल्या एखाद्या हिस्सेदाराने दिवसातून एकदा वर फेरी मारली तर फारच उत्तम.

व्यापारी नाही म्हणतील असं तुम्हाला वाटेल. मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांना पोकळ झाडं नकोच होती. वजन कमी, मशीनची साखळी खराब होते, आत मधमाश्या किंवा जनावर निघालं तर गडी पळतात. ते घेतात कारण मालक म्हणतो सगळं साफ करून दे. म्हणजे हे "साफ" तुम्ही मागता, आणि ते न मागणं तुमच्याच हातात आहे.

गणपतीच्या दिवसांत मी संगमेश्वर-देवरुख पट्ट्यातच असणार आहे. गौरी-विसर्जनानंतर तुमच्या डोंगरावर फेरी मारायची असेल तर ग्रामपंचायतीत किंवा गावच्या गुरवांकडे निरोप ठेवा, मी येईन. चुना आणि कुंचला माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी एक जण हद्द दाखवायला सोबत असला म्हणजे झालं.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातली एक संशोधक विद्यार्थिनी